झोंबीतल्या दादांना माफ करायचं की नाही? वाचनवहीत इथंच अडलंय

गुळाची_ढेप (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी. गाव कागल तालुक्यात, कॉलेज कोल्हापुरात, रोज एसटीनं ये-जा. आमच्या मॅडमनी यंदा प्रत्येकाला एक वाचनवही घालायला लावलीय. कुटुंब आणि नीती या अंगानं पुस्तकं वाचायची आणि आपल्याला जे वाटलं ते लिहायचं. गाइड उघडायचं नाही, समीक्षकांची वाक्यं उतरवायची नाहीत.

'श्यामची आई'वर लिहून झालं, 'नटसम्राट'वर झालं. 'झोंबी'वर येऊन हात थांबलाय.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आनंद यादव कागलचे, जन्म १९३५ चा. त्यांचं आत्मचरित्रपर 'झोंबी' १९८७ ला आलं, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. लहान आनंदाला शिकायचंय आणि वडील, ज्यांना तो दादा म्हणतो, त्याला शाळेतून काढून मळ्यात जुंपतात. शेवटी आई आणि पोरगं मिळून गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जातात. राव दादांना बोलावून चांगले खडसावतात. शाळा सुरू होते, पण अटी घालून. दिवस उगवायला मळ्यात हजर, शाळेची वेळ होईपर्यंत पाणी पाजायचं, शाळा सुटली की गुरं राखायची, आणि काम जास्त असेल त्या दिवशी शाळेला दांडी.

वर्गात चर्चा झाली तेव्हा बहुतेकांचं म्हणणं एकच. दादा परिस्थितीनं तसे झाले, खुद्द लेखकानं त्यांना माफ केलंय, मग आपण बोलणारे कोण? मला हे पटत नाही. लेखकाला माफ करणं परवडलं, कारण तो त्यातून निघाला. शिकला, प्राध्यापक झाला, पुस्तक लिहिलं. ज्या पोरापोरींना कुठल्याच रावांचा वाडा मिळाला नाही, त्यांच्या वतीनं माफी कोण देणार?

खरं सांगायचं तर हे पुस्तक वाचताना मला माझी ताई दिसत राहते. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. दहावी झाली आणि थांबवली, कारण त्या साली बोअर मारायला कर्ज काढलं होतं आणि आईला मळ्यात जोडीला कोणीतरी हवं होतं. पुढं लग्न झालं. माझी वेळ आली तेव्हा घर सावरलं होतं, म्हणून मी कॉलेजात आहे. बाबा वाईट माणूस नाहीत. माझा एसटीचा पास संपायच्या आधी पैसे हातात देतात. पण ताईसाठी कोणी कुणाच्या दारात गेलं नाही.

दोन प्रश्न आहेत. आत्मचरित्रातल्या खऱ्या माणसाला असं तोलणं बरोबर आहे का? आणि घरचं वहीत आणायचं का? मॅडम चांगल्या उताऱ्यांचं वर्गात मोठ्यानं वाचन घेतात.

---

तांबडा_पांढरा

लिही की बिनधास्त! मॅडमनी स्वतःचं मागितलंय न्हवं? मग स्वतःचं दे. मार्कांचं मागनं बघू.

---

गडहिंग्लजकर_मास्तर

ढेपताई, नाव झकास घेतलंयस. आयुष्यभर मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझा राग खरा आहे, तो खोडू नकोस. पण 'माफ करायचं की नाही' हे ओझं वाचकानं घ्यावंच कशाला? लेखकानं माफ केलंय हे तुझ्या वर्गाचं मत झालं. मला तर पुस्तकात तसं कुठं दिसलं नाही. दादा संतापी आहेत, पोराला कामाला लावून स्वतः गावात हिंडायला मोकळे होतात, हे त्यानं कुठंच झाकलेलं नाही. त्यानं एवढंच केलंय की दादांना बोलू दिलंय. त्यांची कारणं त्यांच्याच तोंडून येऊ दिलीत. वाचकाला चीड येते आणि त्याच वेळी त्या माणसाची घालमेलही कळते. या दोन्ही गोष्टी एका पानावर नांदवणं ही लेखकाची ताकद, आणि वहीत तू ती दाखवलीस तर ते मोलाचं काम होईल.

आणखी एक, आपल्याच मातीतलं. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेले. त्यांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्यानंतर अठरा वर्षांनी कागलात आनंद जन्मला, आणि त्याला शाळेसाठी वाड्यावर जाऊन गाऱ्हाणं घालावं लागलं. सक्तीचा कायदा ज्या मुलखात देशाच्या कितीतरी आधी झाला, तिथंही मळ्याच्या कामापुढं पोराची पाटी हरत होती. दादांवर लिहिताना ही दोन सालं शेजारी ठेव. दादा एकटे नव्हते एवढं त्यातून दिसेल. ते निर्दोष होते असा अर्थ मी काढत नाही.

घरचं वहीत आणण्याबद्दल मात्र सावध राहा. वही साहित्याची आहे. ताईची गोष्ट आली की दादा मागं पडतील आणि वाचणारा फक्त हळहळेल.

---

वहिनी_शाहूपुरी

मास्तर, तुम्हाला मान देऊन सांगते, शेवटचा परिच्छेद मला पटला नाही. पुस्तक वाचून स्वतःचं घर आठवत नसेल तर ते वाचलं कशाला? पण त्यावर नंतर बोलू.

सगळे दादांभोवती फिरताय. वाड्यावर कोण गेलं? आई गेली. नवऱ्याला न सांगता गेली, आम्ही येऊन गेलो हे त्यांना कळू देऊ नका अशी रावांना विनवणी केली, आणि घरी सांगितलं काय, तर देसायांकडं भाजी द्यायला गेले होते! सरळ खोटं. त्या खोट्यावर एका पोराचं सगळं शिक्षण उभं आहे.

आता शेजारी श्यामची आई ठेवा. ती खोटं बोलेल? श्याम पाण्याला भिऊन लपला तर शिंपटीनं झोडून पोहायला धाडणारी बाई. अंघोळीनंतर तळव्याला माती लागू नये म्हणून पोरगं हट्ट करतं, तेव्हा ओलं लुगडं दगडावर पसरते आणि सांगते, मनालाही अशीच घाण लागू देऊ नकोस. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून हे लिहिलं. आम्ही सगळ्या या आईकडं बघत मोठ्या झालो, आणि आपण तशा नाही म्हणून मनात कुढत राहिलो.

मला झोंबीतली आई जवळची वाटते. तिच्याकडं सत्य बोलायची सोय नव्हती. ढेप, वहीत तिच्यावर लिही गं. कुटुंब आणि नीती म्हणतात ते हेच.

---

कोकणी_मीठ

वहिनी, श्यामच्या घरातसुद्धा सगळं खरंच बोलतात असं नाही. 'अळणी भाजी'ची रात्र आठवा. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील चवीनं जेवतात, शब्द काढत नाहीत. तिच्या मनाला लागेल म्हणून. नंतर ती स्वतः जेवायला बसते तेव्हा कळतं, आणि तिला वाईट वाटतं की सांगितलं का नाही. मला त्या बेचाळीस रात्रींतली हीच सगळ्यात आवडते. तेही सत्य लपवणंच आहे, फक्त तिथं माया आहे आणि झोंबीत भीती आहे.

---

वहिनी_शाहूपुरी

@कोकणी_मीठ, 'माया आणि भीती' एकदम पटलं. आमच्या घरी भाजी अळणी झाली तर पहिल्या घासाला अख्ख्या गल्लीला कळतं!

---

नाट्यवेडा_गंगावेश

धागाकर्तीनं 'नटसम्राट'वर लिहून झालं म्हटलंय, पण काय लिहिलं ते सांगितलं नाही. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० ला रंगभूमीवर आलं. अप्पा बेलवलकर हयातीतच सगळं मुलांना वाटून मोकळे होतात आणि मग बेघर होतात. आमच्याकडं केशवराव भोसले नाट्यगृहातून बाहेर पडताना माणसं डोळे पुसत मुलांना शिव्या घालत असायची. मला कायम प्रश्न पडायचा की अप्पांचं काय? आयुष्यभर रंगमंचावर राजा झालेला माणूस, घरातही सगळ्यांनी आपल्या तालावर राहावं असंच त्याला वाटतं. सून त्रासते ते फक्त तिच्या वाईटपणामुळं का? मुलगी नलू जेव्हा चोरीचा संशय घेते तिथं मात्र तिला माफी नाही, तो घाव अप्पांच्या बायकोचा, कावेरीचाही जीव घेतो.

नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं त्या रात्री आम्ही कितीजण खासबागेच्या बाजूला उभे होतो. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ ला उघडलेलं थिएटर. त्यावर वेगळा धागा काढायला हवा.

---

तांबडा_पांढरा

केशवरावचा विषय निघाला की डोळ्यात पाणी येतंय. वेगळा धागा काढा दादा, आम्ही येतोच.

---

गुळाची_ढेप

@नाट्यवेडा, मी नेमकं नलूवरच लिहिलंय. मुलगा नंदा आणि नलू यांना खलनायक न करता लिहिता येतं का हे बघत होते. वाटणी झाल्यावर म्हातारा आईबाप ज्या घरात राहतो तिथं तो मालक असतो की पाहुणा, हे कोणीच ठरवून घेत नाही. सगळा घोळ तिथून सुरू होतो. पण चोरीच्या आळापाशी मीही थांबले, पुढं मला तिची बाजू घेता आली नाही.

@वहिनी, आईचं खोटं माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं, पण त्याला मी नीतीच्या बाजूनं बघितलं नव्हतं. आज परत ते प्रकरण वाचलं. राव दादांना झापतात तेव्हा आई घरी काय करत असेल, याचा विचार करत बसले.

@मास्तर, दंडाची माहिती मला नव्हती, वहीत नक्की घेते. ताईबद्दलचं मात्र अजून कळत नाहीये.

---

चंदगडी_भाऊ

इतके दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो.

आमच्या घरात मी शिकलो, थोरला भाऊ शेतात राहिला. नोकरीला लागल्यावर मी 'झोंबी' वाचली आणि सुट्टीत गावी घेऊन गेलो. भावाला वाचायची फार सवय नाही, म्हणून रात्री ओसरीवर बसून मीच त्याला थोडी थोडी वाचून दाखवायचो. मला वाटलं होतं दादांचा त्याला माझ्यासारखाच राग येईल.

त्यात एक गुऱ्हाळाची जागा आहे. गावातले बाकीचे लोक ऊस जास्त दिवस उभा ठेवतात, म्हणजे गूळ जास्त उतरतो. दादा मात्र सगळ्यांच्या आधी घाणा लावतात, कारण बाजारात गूळ पहिला गेला तर दर चांगला मिळतो. पोराला बापाची ही घाई चुकीची वाटते. माझा भाऊ तिथं म्हणाला, "थांब. ह्यो माणूस हिशेबाला कच्चा न्हाई. पैसा लवकर हातात आला तर उचल लवकर फिटती." त्यानं मला अर्धा तास गूळ, उतारा, दर आणि अडत्याची उचल समजावून सांगितली. मी एवढा शिकलेला, माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

मग मी विचारलं, आणि पोराला शाळेतून काढलं ते? तो म्हणाला, "ते वंगाळच. पर त्या पोराच्या वाटणीचं काम मागनं कुणी केलं, ते लिवलंय का त्यात?"

ढेप, तुझा प्रश्न मला त्या रात्रीपासून छळतोय. 'झोंबी'च्या पुढचे भाग मिळव. 'नांगरणी', 'घरभिंती', 'काचवेल' असे क्रमानं आहेत. 'घरभिंती' आधी वाच. मागं राहिलेल्या भावंडांचं काय झालं आणि शिकलेल्या थोरल्यानं त्यांचा भार कसा ओढला, ते सगळं त्यात आहे. लेखक 'मी सुटलो' म्हणून मोकळा झालेला नाही. तेव्हा माफी परवडली हे तुझं वाक्य 'झोंबी'पुरतं चालेल, पण चारही पुस्तकांवर लावलंस तर लेखकावर अन्याय होईल.

---

रंकाळा_वारा

चंदगडी_भाऊ, हा प्रतिसाद जपून ठेवला. भावाला नमस्कार सांगा.

---

पंचगंगाकाठ

मास्तरांनी दत्तकाचा विषय काढला म्हणून आठवलं. आपल्या कोल्हापूरचे वि. स. खांडेकर हेही दत्तक गेलेले. जन्मनाव गणेश आत्माराम, दत्तक गेल्यावर विष्णू सखाराम झाले. शिरोड्याला शाळेत शिकवून १९३८ ला कोल्हापुरात आले ते इथलेच झाले. त्यांच्या 'ययाति'ला १९७४ चा ज्ञानपीठ, मराठीतला पहिला. शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे, ढेप, एसटीतून उतरल्यावर एकदा जाऊन ये.

आता मुद्द्यावर येतो. ययातीची मूळ गोष्ट काय आहे? बापाला म्हातारपणाचा शाप लागतो, तो मुलांकडं तारुण्य मागतो. बाकीची मुलं नाही म्हणतात. पुरू हो म्हणतो आणि आपलं तारुण्य देतो. महाभारतात त्याला याचं फळ म्हणून राज्य मिळतं, नाही म्हणणाऱ्यांच्या वाट्याला शाप येतात. पिढ्यान् पिढ्या आपण या गोष्टीतून आज्ञाधारकपणा शिकवला. खांडेकरांनी १९५९ मध्ये बोट बापाच्या हावेवर ठेवलं, म्हणून ती कादंबरी मला मोठी वाटते.

ढेपच्या ताईनं पुरूसारखीच स्वतःची वर्षं घराला दिली. फरक इतकाच की ती मागितली गेली तेव्हा नाही म्हणायची जागाच नव्हती, आणि दिल्यावर राज्य तर सोडाच, कोणी त्याचा उच्चारही केला नाही. थोरल्या लेकीकडून हे सगळ्या घरांत धरूनच चाललेलं असतं.

---

गडहिंग्लजकर_मास्तर

पंचगंगाकाठ, पुरूची तुलना चांगली आहे, पण जपून. ययातीनं उपभोगासाठी मागितलं. ढेपच्या वडिलांनी कर्ज फेडायला मागितलं. या दोन बापांना एका ओळीत बसवलं तर वही वाचणाऱ्याची दिशाभूल होईल. माणूस कशासाठी मागतो यानं नीतीचा निवाडा बदलतो.

---

पंचगंगाकाठ

मागणाऱ्यासाठी बदलतो, मास्तर. देणाऱ्याची वर्षं दोन्हीकडं सारखीच जातात.

---

कागदपत्र_वाला

ताईंचं लग्न झालंय म्हणता म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतकाच हक्क आहे. आपल्याकडं लग्नानंतर बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि तिनं ती हसत करावी अशी अपेक्षा असते. जी नाही म्हणते तिचं माहेर तुटतं. कादंबऱ्यांत याच्यावर फार कमी आलंय. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' नाटकात दागिन्यांची वाटणी आणि तेराव्याच्या खर्चाची भांडणं आहेत, घरातल्या लेकीचं, प्रभाचं शिक्षण घराण्याच्या इभ्रतीपायी थांबलेलं आहे. तिच्या बोलण्यातली धार वाचून घ्या.

---

तांबडा_पांढरा

धागा झोंबीवरनं सातबाऱ्यावर गेला 😀 आता तलाठी कार्यालय किती वाजता उघडतं तेबी सांगा.

---

वहिनी_शाहूपुरी

जाऊ दे की, सातबारासुद्धा घरातल्या नीतीचाच कागद आहे. कागदपत्र_वाले, प्रभाची आठवण काढलीत ते बरं झालं. १९८५ चं नाटक, पण ती बाई मला आजही हळदीकुंकवाला भेटते.

---

सावली_कळंबा

आईवर आणि बापावर चाललंय तर उद्धव शेळक्यांची 'धग' कशी सुटली? १९६० ची कादंबरी, वऱ्हाडातली. कौतिक नावाची बाई, नवरा महादेव कुचकामी, पुढं त्याला महारोग होतो, आणि ती घर ओढत राहते. शेवटी तिचा तोल जातो. तिथं मुलगा बसून आईच्या आठवणी सांगत नाही. म्हणून तिच्या कष्टाला पावित्र्याचा मुलामा चढत नाही, फक्त कष्ट दिसतात. 'श्यामची आई' मी लहानपणी रडत वाचली, तिच्याबद्दल माझ्या मनात प्रेमच आहे. पण ती मेलेल्या आईची, मुलाच्या तोंडून आलेली गोष्ट आहे. ढेप म्हणते तेच इथं लागू होतं, सांगणारा कोण यावर घराची नीती ठरते. वहीत या दोन आया समोरासमोर ठेवून बघ.

---

कोकणी_मीठ

सावली, मुलामा हा शब्द मला खटकला. साने गुरुजींनी आईचं दारिद्र्य, सावकाराच्या माणसाकडून झालेला अपमान, घराची जप्ती, काहीच झाकलेलं नाही. मोळीखाली वाकलेल्या म्हातारीला हात द्यायला ती श्यामला पाठवते, ती बाई महार आहे म्हणून गाव काय म्हणेल याची पर्वा न करता. कोकणातल्या सोवळ्याच्या घरात हे करणं म्हणजे काय होतं ते आमच्या आजीकडून ऐकलंय. मायेनं लिहिलेलं सगळं खोटं नसतं.

---

सावली_कळंबा

खोटं म्हटलं नाही मी. मोळीचा प्रसंग मलाही त्या पुस्तकातला सगळ्यात धीराचा वाटतो. माझं म्हणणं सांगणाऱ्याच्या जागेबद्दल आहे, आणि त्यावर मी ठाम आहे.

---

वहिनी_शाहूपुरी

भांडू नका, दोन्ही पुस्तकं राहणार आहेत. मला ढेपला एक विचारायचंय. मास्तरांशी मी वाद घातला खरा, पण रात्री विचार करत होते. ताईची गोष्ट वहीत लिहायची म्हणतेस, मॅडम वर्गात मोठ्यानं वाचून दाखवणार म्हणतेस. हे ताईला विचारलंस का? तिच्या आयुष्याचं काय करायचं हे आधीच एकदा तिला न विचारता ठरलं होतं. आता परत तेच नको.

---

रंकाळा_वारा

वहिनींना पूर्ण अनुमोदन. हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता.

---

चंदगडी_भाऊ

खरंय. मी तर भावाचं बोलणं इथं लिहून बसलो. पण त्याला विचारून लिहिलंय, फोन केला होता. "लिव की, नाव नगं घालूस," म्हणाला.

---

गडहिंग्लजकर_मास्तर

वहिनी, मी साहित्याच्या बाजूनं जे सांगत होतो ते तुम्ही माणसाच्या बाजूनं सांगितलंत. आत्मचरित्र लिहिणाऱ्यापुढं हा प्रश्न सगळ्यात अवघड असतो. घरच्या माणसांना उत्तर द्यायला पान मिळत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' यासाठी वाचा. नवरा, म्हणजे ना. वा. टिळक, कीर्तीचा कवी आणि तापट, वडील सोवळ्याचे कर्मठ, त्यात धर्मांतरानं झालेली ताटातूट. बाईंनी सगळं लिहिलं, तरी वाचताना टिळकांवर राग येता येता त्यांच्याबद्दल जिव्हाळा वाटतो. स्वतःच्या घरातल्या माणसाविषयी लिहायचं तर असं खुल्या मनानं. ते सगळ्यांना जमणार नाही, पण समोर असू द्यावं.

---

गुळाची_ढेप

मंडळी, उशीर झाला, परीक्षेचा फॉर्म भरायची गडबड होती.

रविवारी ताईकडं जाऊन आले. सोबत 'झोंबी' नेली होती. वाड्यावर जायचं प्रकरण तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, तुझ्यावर लिहू का? आधी काहीच बोलली नाही, भाकऱ्या थापत होती. मग म्हणाली, "माझं मी सांगीन, कधी वाटलं तर. तू तुझं लिही." मी म्हटलं, माझं काय आहे त्यात? मला तर शिकवलं. ती म्हणाली, "तेच लिही की."

एसटीत बसून तेच डोक्यात घोळत होतं. मी दादांच्या समोर ताईला उभं करत होते आणि तिच्या वतीनं भांडत होते. पण त्या पुस्तकात माझी जागा आनंदाची आहे. मी पाटी घेऊन बाहेर पडले, आणि चंदगडी_भाऊंचे थोरले भाऊ म्हणाले तसं माझ्या वाटणीचं काम कुणीतरी केलं. ताई गेल्यावर आईनं एकटीनं केलं. हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

वहीत काल रात्री लिहिलं. ताईचं नाव नाही, तिची दहावी नाही. थोडा भाग इथं देते:

"दादांनी आनंदाला शाळेतून काढलं याची मला चीड येते आणि ती मी सोडणार नाही. शाहू महाराजांनी सक्ती करून अठरा वर्षं झाल्यावर ज्या गावात पोर जन्मलं, तिथं शिक्षण ही बापाची मेहेरबानी असू नये. गुऱ्हाळ आधी लावण्यातला त्यांचा हिशेब मला कळतो. पोराच्या शाळेचा हिशेब त्यांनी केलाच नाही, हेही कळतं. आईनं खोटं बोलून त्याला वाट काढून दिली. या घरात खरं बोलायची किंमत पोराच्या शिक्षणाइतकी होती, म्हणून मी तिच्या खोट्याच्या बाजूनं उभी आहे. आनंद शाळेत बसला असेल त्या वेळी मळ्यात कोण वाकलं होतं, हे मी वाचताना शोधत होते, कारण मी कॉलेजात बसते तेव्हाही कुणीतरी वाकलेलं असतं. दादांना माफ करणं माझ्या हातात नाही. शिकलेल्यानं मागं राहिलेल्यांचं काय देणं लागतं, ते मला पुढच्या पुस्तकात बघायचंय."

मॅडमना दिलीय. मास्तर, माफीच्या प्रश्नावर तुम्ही म्हणालात तिथंच मी वेगळ्या वाटेनं आले, पण राग ठेवलाय.

---

गडहिंग्लजकर_मास्तर

राग ठेवच. "खरं बोलायची किंमत" हे वाक्य उत्तम उतरलंय. एक सूचना करतो. "बापाची मेहेरबानी" याच्या पुढं पुस्तकातला एखादा प्रसंग जोड, त्या अटींचा जोडलास तरी चालेल. नुसतं विधान ठेवलं की परीक्षक तिथं पेन टेकवतो.

---

कोकणी_मीठ

ताईंचं "तेच लिही की" ऐकून अंगावर काटा आला.

---

तांबडा_पांढरा

ढेपे, नाद खुळा लिहिलंस! ताईला सांग, तिनं लिहिलं तर पहिला वाचक मी.

---

वहिनी_शाहूपुरी

शाब्बास पोरी. आणि आईला मळ्यात हात द्यायला सुट्टीत जातेस ना?

---

गुळाची_ढेप

जाते वहिनी. आता भांगलण चालू आहे.

@चंदगडी_भाऊ, 'घरभिंती' आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नाही. कुठं मिळेल? झोंबी ताईनं ठेवून घेतलीय, पुढचा भागही तिलाच आधी हवाय.

---

पंचगंगाकाठ

भवानी मंडपाजवळ करवीर नगर वाचन मंदिरात बघ, १८५० पासूनचं ग्रंथालय आहे, जुनी पुस्तकं चांगली जपलीत. नाहीच मिळाली तर इथं सांग, माझी प्रत मी राजारामपुरीत आणून देतो. फक्त पानांत खुणा केल्यात, ताईंना चालेल का विचार.

---

गुळाची_ढेप

चालेल म्हणतीये. तिच्याही खुणा करून परत देईन म्हणाली.